शून्य-शून्य

सकाळी ऑफिसात शिरले तर चहावाले काका माझ्या टेबलावर वाकून बघत होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्याच एका ग्लासात सलाइन ओतून मी आमच्या चिपला जोडलेल्या स्टीलच्या दोन तारा सोडल्या होत्या.

‘पाणी तांबडं झालंय की ओ मॅडम. डीसी सोडलाय काय यात?’

मला हसू आलं. आमची चिप लुळ्या पावलासाठी. चालताना पायाच्या नसेला झटके देऊन पाऊल वर ओढणारी. नसेत जेवढा विद्युतभार घातला तेवढाच लगेच उलटा झटका देऊन काढून घ्यायचा, हा या धंद्यातला पहिला नियम. नाहीतर इलेक्ट्रोड, म्हणजे नसेला झटका देणारा धातूचा तुकडा, झिजतो, खालच्या पेशी मरतात. मग डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, येणार कुठून?

काका पूर्वी उद्यमबागेतल्या कारखान्यात प्लेटिंगच्या, विजेनं धातूवर मुलामा चढवायच्या कामावर होते. ‘एकच तार खाल्लीय बघा,’ म्हणाले. खरंच. दुसरी चकचकीत होती.

झटक्यांचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. उलटा झटका गायब! ५ मिलिअँपिअर, २०० मायक्रोसेकंद, सेकंदाला ४० वेळा, सगळं एकाच दिशेनं. म्हणजे सरासरी ४० मायक्रोअँपिअर डीसी. असा डीसी अडवणारा कपॅसिटर मीच मोजमापासाठी काढून ठेवला होता.

‘रात्री करंट गेलता की,’ काका म्हणाले. बेळगावचा जुलै, त्यात नवल कसलं! लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, चिप मात्र बंद पडून कोरी होऊन उठली. झटक्याचा जोर लॅपटॉप दरवेळी नव्यानं पाठवतो. मोड, म्हणजे झटक्याचा प्रकार, सुरुवातीला एकदाच. त्यामुळे जोर मिळत राहिला आणि मोडचे दोन बिट शून्य-शून्यच राहिले.

शून्य-शून्य म्हणजे कोणता मोड? एकाच दिशेचा झटका. यादीत पहिला होता म्हणून मीच दिलेला नंबर. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं काहीतरी हवं, म्हणून चार मोड घातले, दोन बिटांत बरोबर बसले म्हणून खूशही झाले होते. ‘बंद’ला जागाच ठेवली नव्हती.

सिलिकॉनवर खोडरबर चालत नाही. हातातल्या चिपांपुरतं, प्रत्येक झटक्याआधी मोड पुन्हा लिहायचा असा प्रोग्रॅम बदलला. पुढच्या आवृत्तीत तिसरा बिट घातला: सगळी शून्यं म्हणजे झटका बंद, दोन्ही इलेक्ट्रोड आपसात जोडलेले.

दुपारी काका परत आले. ‘ग्लास तेवढा द्या की ओ, धुऊन घेतो.’

नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी सहा नवे आणून दिले.