रीनो–कार्सन सिटी : मॉर्गन डॉलर दाखवायला नेताय? आधी हे वाचा

आमचं नाणं १८८४ चा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं, मागे गरुडाच्या खाली 'सीसी' ही कार्सन सिटी टांकसाळीची खूण. नेवाडा राज्यातल्या रीनो शहरातल्या दुकानदाराने भिंग न लावताच ते तराजूवर टाकलं, २६.७ ग्रॅम वजन वाचलं, नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या गालावरचे चरे दाखवले आणि म्हणाला, "वापरलेलं आहे, चांदीचा भाव देतो." म्हणजे मोडीचा भाव! शुद्ध चांदी भरते साधारण २४ ग्रॅम, तेवढीच किंमत. 'सीसी'बद्दल चकार शब्द नाही.

असं कोणी म्हटलं तर नाणं उचला आणि बाहेर पडा. हे डॉलर हजार-हजारच्या गोण्यांत भरून वर्षानुवर्षं तिजोरीत पडलेले होते. एकमेकांवर आपटून गालावर चरे पडतात, पण त्याला झीज म्हणत नाहीत. झीज बघायची ती कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीच्या पिसांवर. दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा. उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा सलग फिरला आणि छातीवर करडा, निस्तेज डाग दिसला नाही, तर ते नाणं चलनात फिरलेलं नाही. कार्सन सिटीतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने हे आम्हाला फुकट दाखवलं, अर्धा तास घालवून. त्या अर्ध्या तासासाठी मी पुन्हा एवढी गाडी हाकेन.

जुनी टांकसाळ आता नेवाडा स्टेट म्युझियम आहे, नाणी पाडणारं पहिलं यंत्रही तिथेच. जरूर बघा. कॅलिफोर्नियातून येताना लागणाऱ्या डॉनर घाटाबद्दल वेगळं सांगत नाही. हिवाळ्यात बर्फासाठी चाकांच्या साखळ्या न्यायच्या हे तुम्हाला माहीत आहेच.

आता प्रमाणपत्र. नाणी तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपन्यांत पीसीजीएस किंवा एनजीसी, या दोनच नावांना बाजारात खरा मान आहे. नाणं १ ते ७० च्या मापात बसवून सीलबंद डबीत परत येतं; ६० पासून पुढे न वापरलेलं. स्वतः पाठवायला सभासदत्व लागतं, नाहीतर अधिकृत व्यापाऱ्यामार्फत. इथेच खिसा कापला जातो. तपासणीची फी वेगळी, हाताळणी वेगळी, परतीचं टपाल आणि विमा वेगळा, त्यावर मधल्या माणसाचं कमिशन. सगळा आकडा आधी कागदावर मागा. १९२१ चा साधा, झिजलेला मॉर्गन पाठवूच नका, फी वसूल होणार नाही. 'सीसी' किंवा १८९३ चा 'एस' (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) असेल तर मात्र पाठवायलाच हवा, कारण या खुणा नंतर चिकटवलेली बनावट नाणी खूप फिरतात.

आणि कृपा करून नाणं घासू नका! चिंच नको, पितांबरी नको, रुमालसुद्धा नको. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, नुसता 'डिटेल्स' शेरा मिळतो आणि भाव कोसळतो. काळ्या प्लास्टिकच्या सरकारी डबीत असेल (१९७२ ते १९८० दरम्यान सरकारने विकलेली), तर डबी फोडू नका, तिलाही किंमत आहे.

आमचं ६३ वर आलं. मोडीच्या भावाच्या कितीतरी पट. विकत घेणारे असाल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो ताडून बघा, मगच पैसे मोजा. डब्यासुद्धा बनावट येतात.