मोहाखाली लावलेली गाडी

शहाद्याहून तोरणमाळकडे पाहुणे नेणं हे माझं काम. मार्च संपता संपताची ती खेप: १६ जण, दोन क्रूझर, एका पाड्यावर दोन घरांत मुक्काम. जेवण त्याच घरांत, दोन दिवस आधी आकडा कळवून आणि निम्मे पैसे देऊन. ज्वारी दळायची असते, त्यामुळे ऐनवेळी चार माणसं वाढली काय नि घटली काय, भुर्दंड घरच्यांनाच.

पोचायला रात्रीचे नऊ झाले. एका चालकाला वाटेलगत सपाट, लख्ख झाडलेली जागा दिसली. वर मोठं झाड, म्हणजे सकाळी सावलीची सोय. त्याने गाडी लावली आणि झोपला. मी तपासलं नाही, चूक तिथेच झाली. या दिवसांत सातपुड्यात झाडाखालची जमीन अशी झाडलेली दिसली, की ते मोहाचं झाड आणि त्याला धनी आहे असं समजायचं. (काहीजण पाचोळा जाळून मोकळे होतात आणि वणवा लागतो. या घरी खराटाच चालतो.)

पहाटे साडेचारला मावशी बॅटरी नि टोपली घेऊन आल्या. फुलं रात्री उशिरापासून नऊ-दहापर्यंत गळतात. टपावर फुलांचा थर होता, चाकांखाली लगदा आणि इंजिनाखाली ऑइलचे डाग. फूल रसाळ, लगेच वास धरतं. ऑइलची मूठभर फुलं वाळवणात गेली तर व्यापारी सगळ्या मालाचा भाव पाडतो.

एका पाहुण्याने पाचशेची नोट काढली. मी म्हटलं, "थांबा दादा, आधी नुकसान मोजू." शेजारच्या तेवढ्याच झाडाखाली त्या सकाळी नऊ किलो फुलं निघाली. चार-पाच किलो ताजी फुलं वाळून किलोभर उरतात, म्हणजे दोन किलो सुका माल बुडाला. पण मावशींची चिंता निराळी होती. बहर अजून पंधरा दिवस चालणार आणि जमीन तर तेलकट झालेली. म्हणून आम्ही तासभर खपून चार बोटं माती खरवडली, पोत्यात भरली आणि ती शहाद्याला परत आणली. झाडाखाली नवी माती टाकून चोपली, वर जुनं लुगडं अंथरलं. पुढच्या खेपेला शेडनेटचा तुकडा नेऊन दिला. बुडालेल्या मालाचे पैसे त्या आठवड्याच्या सुक्या भावाने, पोलीस पाटलांसमोर दिले.

आता गाड्या शाळेच्या पटांगणात लागतात, आधी विचारून, आणि इंजिनाखाली पुठ्ठा असतो.

टपावरची फुलं मावशींनी पोरांकडून वेचून घेतली, ती चांगली होती. वायपरच्या खाचेतली मात्र राहून गेली. दुपारी घाट उतरताना एसीच्या झरोक्यांतून मुंग्या बाहेर यायला लागल्या.