हिरव्या पिना आणि फणसाचा ठोकळा: डॉक-हबची नोंद, जानेवारी ते सप्टेंबर

मागच्या पावसाळ्यात माझा पहिला डॉक, म्हणजे गाण्यांचे प्लेअर उभे करून चार्ज करायची बैठक, गेला. जळला नाही, पडला नाही, टेबलावर बसल्या जागी कुजला. घर रत्नागिरीत भाट्याच्या बाजूला आहे. खिडकीतून सुरूचं बन दिसतं आणि त्यापलीकडे समुद्र. संध्याकाळी टेबलावरून बोट फिरवलं की चिकट लागतं. आई म्हणते चाटलंस तर खारटही लागेल. अजून चाटलेलं नाही.

डॉक उघडला तेव्हा एक गोष्ट खटकली. पिना सगळ्या सारख्या खराब झाल्या नव्हत्या. एक पार खाल्लेली, हिरवी, टोकाला नाहीशीच झालेली. शेजारच्या नुसत्या काळवंडलेल्या. हवा तर सगळ्यांना एकच लागली होती. हे डोक्यात राहिलं आणि यंदाची सगळी खरेदी त्याभोवती फिरली.

टेबलावर सध्या चार जण आहेत. आयपॉड क्लासिक, १६० जीबीवाला, आतली हार्डडिस्क काढून मेमरी कार्ड बसवलेला. त्याला ३० पिनांची जुनी केबल. सोनीचा एनडब्ल्यू-ए५५ वॉकमन. त्याला सोनीचं स्वतःचं २२ पिनांचं डब्ल्यूएम-पोर्ट. सॅन्सा क्लिप प्लस, मूळ सॉफ्टवेअरऐवजी रॉकबॉक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकलेला, मिनी-यूएसबी. आणि एक टाइप-सीवाला चिनी प्लेअर. त्याचं नाव देत नाही, कारण पुढे त्याची तक्रार येणार आहे.

चौघांची चार तोंडं. त्यामुळे "सगळे बसतील असा एक डॉक" हा नाद जानेवारीतच सोडला. चुंबकी टोकांची केबल मित्राने सुचवली होती. प्रत्येक प्लेअरमध्ये छोटं टोक कायमचं बसवायचं, केबल एकच. डोंबिवलीत चालेल. इथे त्या उघड्या चकत्या म्हणजे खाऱ्या वाऱ्याला पाटावर वाढलेलं ताट. ठरवलं ते असं: बैठक वेगळी, वीज वेगळी. प्लेअर उभे राहायला साधं स्टँड आणि मागे चांगला हब, म्हणजे एका यूएसबीचे अनेक पोर्ट करणारी डबी.

फेब्रुवारी: वॅटांचा मोह

दुकानदार ६५, १०० वॅटच्या गोष्टी सांगतात. माझ्या यूएसबी मीटरवर आयपॉड साधारण अर्धा अँपियर ओढतो, वॉकमनही तेवढाच, क्लिप त्याहून कमी. टाइप-सीवाला भुकेला, १.४ अँपियरपर्यंत जातो. चौघांची बेरीज ३ अँपियर. ५ व्होल्टने गुणलं की १५ वॅट. थोडी गंगाजळी धरून २० म्हणा. १२ व्होल्ट ३ अँपियरचा अडॅप्टर असलेला सात पोर्टांचा हब म्हणजे ३६ वॅट झाले, चंगळच.

पण अडॅप्टर हवाच. नुसत्या कॉम्प्युटरवर चालणारा हब घेतला तर यूएसबी २.० च्या एका पोर्टाचे ५०० मिलिअँपियर चौघांत वाटून खायचे. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टाचे ९०० झाले तरी भाकरी अपुरीच.

निळ्या पोर्टांवरून आठवलं. यूएसबी ३.० चा ५ जीबीपीएसवाला विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, ब्लूटूथ चालतं त्याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्ये यावर कागदही काढला होता. माझा ब्लूटूथचा डोंगल हबला चिकटून होता, आणि हार्डडिस्कवरून काही कॉपी करायला घेतलं की गाणं उचक्या द्यायचं. डोंगल हातभर वायरवर लांब नेला, उचकी थांबली. माझ्या या जुन्या प्लेअरना निळा पोर्ट लागतच नाही. १०० जीबी भरायला, सेकंदाला ३० एमबी धरले, तर तासाच्या आतबाहेर. तेवढ्या वेळात एक नारळ सोलून होतो आणि चहाही.

मार्च: बटणवाला हब, आणि फसगत

मला प्रत्येक पोर्टाला वेगळं बटण हवं होतं. कारण दोन. एक, वॉकमन डेटाच्या पोर्टला लावला की तो पेनड्राइव्ह होऊन बसतो, गाणं वाजवत नाही. दुसरं कारण त्या खाल्लेल्या पिनेचं.

पहिला हब आला. बटण दाबलं, दिवा विझला, समाधान झालं. सहज मीटर लावला तर ५ व्होल्ट जसेच्या तसे! बटण डेटा तोडत होतं, वीज नाही. परत पाठवला. दुसरा घेताना दुकानात मीटर घेऊनच गेलो. दुकानदाराने "इतकं काय बघताय" अशा नजरेने पाहिलं. पाहू दे. बटण बंद आणि मीटर मेला, असा हब मिळाला तो आजवर चालू आहे. घेणाऱ्यांनी एवढं एकच तपासलं तरी पुरे.

मे: मुंग्या आणि अर्थिंग

अनवाणी कोब्यावर उभा राहून टाइप-सी प्लेअरची धातूची पाठ हाताळली की बोटांना मुंग्या. आईने हात लावला आणि "अरे, ह्याला करंट येतोय" म्हणून प्लेअर जवळजवळ फेकलाच. टेस्टरचा दिवाही मंद पेटत होता.

कारण हबचा दोन पिनांचा अडॅप्टर. त्याच्या आत गोंगाट गिळायला एक छोटा वाय-कपॅसिटर असतो, त्यातून मिलिअँपियरच्या अंशाइतका प्रवाह बाहेरच्या बाजूला झिरपतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये धोका नसतो, पण अनवाणी, घामेजल्या हाताला कळतो. तीन पिनांचा अडॅप्टर आणला. मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. म्हणून वायरमनकाकांना बोलावलं.

काकांनी यंत्राकडे बघितलंही नाही. "अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलंस?"

"काका, तुम्हीच खड्डा केलात, पाण्याचं कधी बोलला नाहीत."

"जांभा आहे तो. पाणी धरतो काय? मे महिन्यात तिथे नुसती भट्टी."

दोन बादल्या ओतल्या, वर मीठ-कोळशाची भर घातली. संध्याकाळी मुंग्या गायब. कोकणात अर्थिंग पावसाळ्यात आपसूक सुधारतं आणि शिमग्यानंतर बिघडू लागतं, हे काकांचं म्हणणं मला पटलं. जमीन ओली असली की प्रवाहाला वाट मिळते, एवढंच आहे ते.

पण इथे एक मेख निघाली. आयपॉडच्या डॉकला मागे लाइन-आउट आहे. हेडफोनच्या ॲम्प्लिफायरला वगळून सरळ आवाज बाहेर येतो, तो मी मोठ्या ॲम्प्लिफायरला दिलाय. ॲम्प्लिफायर तीन पिनी, कॉम्प्युटर तीन पिनी, आता हबही तीन पिनी. अर्थला जायला अनेक रस्ते झाले, आणि आजोबांच्या भजनाच्या रेकॉर्डिंगखाली घुंईई असा सूर धरला गेला. पेटीचाच वाटावा. एका दुखण्यावरचं औषध दुसऱ्याला बाधलं.

बटणाने पोर्ट बंद केला तर घुंई पुष्कळ उतरली, कारण चार्जिंगचा प्रवाह थांबला. पूर्ण गेली नाही. बटण ५ व्होल्टची तार तोडतं, ग्राउंडची तार जोडलेलीच राहते. आता ऐकायला बसलं की डॉकमागची यूएसबी केबलच उपसतो आणि बॅटरीवर ऐकतो.

जून ते ऑगस्ट: पडवीतला प्रयोग

मिरगाच्या आधी पडवीच्या खिडकीला तीन केबल टांगल्या. पहिली साध्या टाइप-ए, म्हणजे नेहमीच्या चपट्या चौकोनी यूएसबी पोर्टातली, कायम चालू. दुसरी तशीच, पण बटण बंद. तिसरी दोन्ही टोकांना टाइप-सी, टाइप-सीच्या चार्जरमध्ये. तिन्हींची टोकं मोकळी, पलीकडे काही नाही. पाऊस उडून येणार नाही, पण वारा लागेल अशी जागा.

गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आल्या आल्या विचारलं, "दिवाळीची माळ आत्ताच?"

उतरवून भिंगाखाली पाहिलं. कायम चालू असलेल्या केबलची ५ व्होल्टची पिन हिरवट-काळी, भुगा सुटलेली. बंद असलेलीवर नुसता मळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने गेला. टाइप-सी जवळपास तशीच.

हे विद्युत-विघटन आहे, शाळेत मोरचुदाच्या द्रावणात करतात तेच. पिनांमध्ये खारट ओलाव्याचा थर आहे, एका पिनेवर ५ व्होल्ट, शेजारी ग्राउंड. धन पिनेचा धातू विरघळून निघून जातो. वरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ की त्याच्या छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत ओल पोचते. टाइप-ए पोर्ट रात्रंदिवस ५ व्होल्ट देत बसतो, म्हणून टांगलेल्या केबलचं टोक सदा जिवंत. टाइप-सीचा चार्जर आधी सीसी नावाच्या पिनेवर चाचपतो. पलीकडच्या यंत्राचा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला तरच वीज सोडतो. तोवर टोक मेलेलं, आणि मेलेल्या टोकाला मीठ फार काही करू शकत नाही.

तीन केबल म्हणजे काही मोठं संशोधन नव्हे, पण मागच्या वर्षीची पिन कुणी खाल्ली हे मला कळलं. गंज हवेने धरला होता, तरी निमंत्रण मी दिलं होतं, महिनोन् महिने केबल चालू ठेवून.

आता त्या टाइप-सी प्लेअरची तक्रार. बनवणाऱ्याने त्यात तो रेझिस्टरच घातलेला नाही. दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलवर तो चार्ज होत नाही. चार्जर चाचपतो आणि पलीकडे कुणी नाही असं समजून गप्प बसतो. म्हणजे जो पोर्ट पिना खातो त्याच पोर्टावर याचं पोट भरतं. त्याला टाइप-ए ते टाइप-सी आखूड केबल दिली आहे, बटणाच्या पोर्टावर. काम झालं की बटण बंद, हा नियम. आईसुद्धा पाळते.

सप्टेंबर: आजची मांडणी

हब टेबलाच्या खालच्या बाजूला, पोर्ट तोंडं खाली करून स्क्रूने बसवला. धूळ आणि दमट हवा बसत नाही असं नाही, पण कमी बसते. न लागणाऱ्या पोर्टांना रबरी बुचं. प्लेअर रात्री झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे मणी गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजून परत निळे. जुलैत दर चार दिवसांनी भाजत होतो, आता पंधरवडा जातो. वीज कडाडायला लागली की अडॅप्टर भिंतीतून उपटायचा, त्याला कुठलंही बटण चालत नाही. परतीचा पाऊस अजून बाकी आहे.

वॉकमनचं मात्र अडलंय. डब्ल्यूएम-पोर्टची केबल आता सहज मिळत नाही, माझ्याकडे दोनच उरल्या. त्यातली एक पाकीट न फोडता डब्यात ठेवली आहे.

राहता राहिलं स्टँड. सुताराकडे फणसाचा एक ठोकळा पडला होता, पिवळाधमक, त्यात चार खाचा पाडून घेतल्या. मापं मीच दिली, मिलिमीटरपर्यंत, सगळ्यांची कव्हरं काढून. कव्हर घातल्यावर क्लिप सोडून एकही खाचेत उतरत नाही. परवा ठोकळा घेऊन पुन्हा जातोय.