गुरुवारी पहाटे, जमलं तर

न्यू ग्लेन या नव्या रॉकेटच्या उड्डाणाची नवी वेळ आली आहे. गुरुवार, १६ जानेवारी २०२५, आमच्याकडे पहाटे १ ते ४. तुमच्याकडे सकाळी साडेअकरा ते दुपारी अडीच. सोमवारी, भोगीच्या पहाटे, हेच रॉकेट पहिल्यांदा उडायचं होतं आणि ऐनवेळी ते थांबवलं गेलं. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर तिळगुळाच्या फोटोंच्या मधूनमधून एकच प्रश्न येतोय, "फसलं का गं तुमचं रॉकेट?" आज किंक्रांत, १५ जानेवारी २०२५. दुपारची सुट्टी मिळाली आहे, म्हणून सविस्तर उत्तर लिहायला बसले आहे.

मी फ्लोरिडात कोको बीचजवळ राहते आणि एका हॉटेलात खोल्यांचं बुकिंग बघते. आमच्या उत्तरेला केप कॅनव्हेरल. या भागाचा टेलिफोन कोडसुद्धा ३२१ आहे, काउंटडाउनवरून मुद्दाम मागून घेतलेला. २०२४ मध्ये या किनाऱ्यावरून ९३ उड्डाणं झाली. त्यांतली बहुतेक स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटची. त्यांची इतकी सवय झाली आहे की खिडकीची तावदानं थरथरली तर लोक बोलता बोलता क्षणभर थांबतात आणि पुन्हा आपल्या कॉफीकडे वळतात. नवं रॉकेट पॅडवर उभं राहिलं की मात्र सगळा किनाराच वेगळा वागायला लागतो.

ते मला सगळ्यात आधी बुकिंगमध्ये दिसतं. हौशी मंडळी लांबून गाडी हाकत येतात, कॅमेऱ्यांच्या पेट्या आणि तिकाटणी घेऊन, आणि काउंटरवर आल्या आल्या विचारतात, "नक्की उडणार ना?" मी त्यांना हवामानाचा अंदाज आणि जेटी पार्कचा रस्ता सांगते, आणि खोली एक रात्र वाढवून ठेवायचा सल्ला देते. दुसरे पाहुणे कामासाठी आलेले. ओळखपत्र शर्टाच्या खिशात सरकवलेलं, न्याहारी दुपारी चार वाजता, कारण त्यांची पाळी रात्रीची. त्यांच्या मजल्यावर दिवसा व्हॅक्युम लावायचा नाही, अशी सूचना आम्ही सफाईवाल्यांना देऊन ठेवतो. त्यांना कामाबद्दल काही विचारायचं नसतं, हे इथे लहान मुलांनाही माहीत असतं. पण त्यांचे चेहरे रोज दिसतात ना! डिसेंबरभर मी ते बघत होते. पगारासाठी माणूस इतका जागत नाही.

आता त्या रॉकेटबद्दल. ब्लू ओरिजिन कंपनीने २०१६ मध्ये न्यू ग्लेनची घोषणा केली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन ठरला तो जॉन ग्लेन, त्याचं हे नाव. उंची ९८ मीटर, व्यास ७ मीटर. खालच्या टप्प्याला बीई-४ जातीची सात इंजिनं, द्रवरूप नैसर्गिक वायू आणि द्रव ऑक्सिजनवर चालणारी. वरच्या टप्प्याला दोन, ती हायड्रोजनवर. पृथ्वीजवळच्या कक्षेत ४५ टन न्यायची क्षमता सांगितली आहे. पॅड क्रमांक ३६ म्हणजे जुनं, मानाचं ठिकाण. १९६६ मध्ये चंद्रावर अलगद उतरलेलं अमेरिकेचं पहिलं यान सर्व्हेयर १ इथूनच गेलं आणि १९७२ मध्ये गुरूकडे निघालेलं पायोनियर १० सुद्धा. २००५ नंतर मात्र तिथून काहीच उडालेलं नाही.

या किनाऱ्यासाठी ही गोष्ट किती मोठी आहे, ते २०११ बघितलेल्यांना विचारावं. जुलै २०११ मध्ये अटलांटिस शेवटचं उतरलं, शटल, म्हणजे नासाची पुन्हा पुन्हा उडणारी यानं, बंद झाली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. आमच्या शेजारचे आजोबा शटलच्या पॅडवर तंत्रज्ञ होते. त्या वर्षी टायटसव्हिलमध्ये घरांसमोर 'विकणे आहे'च्या पाट्या कशा लागत गेल्या, ते त्यांच्याकडून ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे गिरणगावच आला. आता त्याच परिसरात खाजगी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले आहेत.

न्यू ग्लेनचा कारखाना पॅडपासून नऊ मैलांवर आहे. पण ज्या गाडीवरून पहिला टप्पा न्यायचा, तिला २२ आस आणि १७६ चाकं. इतकी लांब गाडी साध्या वळणावर वळत नाही, म्हणून तिला २३ मैलांच्या रस्त्याने फिरवून नेलं. ऑक्टोबरच्या अखेरीला ही यात्रा निघाली. नोव्हेंबरमध्ये दोन्ही टप्पे जोडून रॉकेट पॅडवर उभं केलं आणि मग सुरू झाल्या तालमी, ज्यांबद्दल बातम्यांत फार कमी येतं आणि ज्यांत खरं काम असतं.

इंधनाच्या टाक्या भरायच्या, उड्डाणाच्या वेळी करतात ते सगळं त्याच क्रमाने करायचं आणि शेवटच्या क्षणी थांबायचं, ही रंगीत तालीम. त्याच्या पुढची पायरी म्हणजे रॉकेट पॅडला जखडून ठेवून इंजिनं खरोखर पेटवायची. २७ डिसेंबरला न्यू ग्लेनची सातही इंजिनं एकत्र पेटली आणि २४ सेकंद चालली. त्याच दिवशी विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, उड्डाणाचा परवाना दिला. माणूस त्या चोवीस सेकंदांकडे बघतो, पण टाक्या भरण्याची परीक्षाही तितकीच कठीण असते. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, नैसर्गिक वायू उणे १६२ ला, हायड्रोजन उणे २५३ ला. त्या थंडीत धातू आकसतो, झडपा अडकतात, सांधे गळायला लागतात. तेच कागदावरची गणितं आणि खरं लोखंड एकमेकांना भेटण्याचे तास.

ही काळजी फुकाची नाही. १ सप्टेंबर २०१६ रोजी इथल्याच पॅड ४० वर अशाच चाचणीसाठी इंधन भरताना फाल्कन ९ चा स्फोट झाला, आणि वर बसवलेला आमोस-६ हा उपग्रहही गेला. एप्रिल २०१९ मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगन या माणसं नेण्यासाठीच्या यानाची जमिनीवर चाचणी चालू असताना यानाच्या चिंधड्या झाल्या. तेच यान आदल्याच महिन्यात अंतराळ स्थानकावर जाऊन सुखरूप परतलं होतं! एका झडपेतून ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारा द्रव) चुकीच्या नळीत झिरपला होता आणि प्रचंड दाबाखाली त्याने टायटॅनियमच्या झडपेतच आग लावली. ती झडप काढून तिथे दुसरी व्यवस्था केली आणि ३० मे २०२० ला त्याच जातीच्या यानातून दोन अंतराळवीर स्थानकाकडे निघाले. जमिनीवर तो स्फोट झाला नसता तर तो दोष कुठे आणि कोणाच्या अंगाखाली सापडला असता, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

तर सोमवारची पहाट. एक वाजता खिडकी उघडली. खिडकी म्हणजे उड्डाणासाठी मोकळा ठेवलेला वेळ: त्यात विमानांना आणि बोटींना ठरावीक पट्टा बंद असतो. अटलांटिकमध्ये शेकडो मैलांवर जॅकलिन नावाचं जहाज बूस्टरची, म्हणजे पहिल्या टप्प्याची, वाट बघत उभं होतं, कारण पहिल्याच उड्डाणात बूस्टर जहाजावर उतरवून बघायचा आहे. त्याआधी उड्डाण पुढे ढकललं होतं तेही तिथला समुद्र खवळलेला होता म्हणून. आमच्या हॉटेलच्या लॉबीत पडद्यावर घड्याळ चालू होतं. ते थांबे, नवी वेळ येई, पुन्हा थांबे. पाहुणे कॉफी घेत, बाहेर जाऊन उत्तरेकडे बघून येत. तीन वाजून गेल्यावर जाहीर झालं: आज नाही.

कारण नंतर कंपनीनेच सांगितलं. काही हायड्रॉलिक यंत्रणांना शक्ती पुरवणारा एक सहायक संच असतो, त्याच्या पर्ज लाइनमध्ये बर्फ धरला होता. पर्ज लाइन म्हणजे कोरडा वायू सोडत राहण्याची नळी. दमट हवा आत साचू नये म्हणून तो वायू वाहता ठेवावा लागतो. फ्लोरिडाची समुद्रकाठची हवा ओली, आणि शेजारी उणे दोनशेच्या आसपासची टाकी. बर्फ धरायला आणखी काय लागतं? ९८ मीटरचं रॉकेट एका नळीतल्या बर्फासाठी थांबवलं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. मला ते वाचून फार बरं वाटलं. कोणीतरी त्या नळीवरचा आकडा बघत बसलं होतं, त्याने तो सांगितला आणि त्याचं ऐकलं गेलं.

न ऐकल्याचं काय होतं, ते या किनाऱ्याने अशाच एका जानेवारीत बघितलं आहे. २८ जानेवारी १९८६, कडाक्याची थंडी, पॅडवर बर्फाच्या सुया. चॅलेंजर शटलचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते आदल्या रात्री सांगत होते की या थंडीत सांध्यांतल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उडवू नका. उडवलं. ७३ सेकंदांत चॅलेंजर आणि त्यातले सातही जण गेले. केनेडी स्पेस सेंटरच्या संग्रहालयात चॅलेंजरच्या अंगाचा एक पत्रा आणि कोलंबियाच्या कॉकपिटच्या खिडक्यांच्या चौकटी ठेवल्या आहेत. कोलंबियात आपली कल्पना चावला होती. घरून कोणी आलं की मी त्यांना तिथे नेतेच. त्यानंतर उड्डाण पुढे ढकललं म्हणून कोणी कुरकुर करत नाही.

आमच्या घरी हे सगळ्यात लवकर कळलं ते मामांना. मामा वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या मोटारीची पोलादी आवरणं तिथे बनतात. सोमवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी बर्फाचं सांगायला सुरुवात केली, तर म्हणाले, "थांबवलं ना? मग माणसं कामाची आहेत. आमच्याकडे वेल्डवर शंका आली की अख्खं काम उभं राहायचं. साहेब कितीही ओरडो." आणि मग विचारलं, भोगीची भाजी केलीस का.

सुनीता विल्यम्सबद्दलही मला सगळ्यांना हेच सांगावंसं वाटतं. "ती बिचारी अडकली" असं तुम्ही म्हणता. ती चाचणी-वैमानिक आहे. ५ जून २०२४ ला ती इथूनच बोइंगच्या स्टारलायनर यानाच्या पहिल्या समानव चाचणीवर गेली. त्याही आधी ते उड्डाण एकदा रॉकेटच्या झडपेमुळे आणि एकदा जमिनीवरच्या संगणकाच्या वीजपुरवठ्यामुळे थांबलं होतं. वर गेल्यावर हेलियमची गळती आणि थ्रस्टर्सचा, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनांचा, त्रास दिसला, म्हणून सप्टेंबरमध्ये यान रिकामंच खाली आणलं. ते नीट उतरलं, तेव्हा "मग तिला उगीचच ठेवलं" असं पुष्कळ जण म्हणाले. मला ते पटत नाही. निर्णय घ्यायच्या दिवशी जी शंका होती तिच्यावर निर्णय घेतला. तो बरोबरच होता. आता ती परतायच्या आधी पुढच्या तुकडीचं ड्रॅगन यान तयार होऊन वर जायचं आहे. तेही नवं कोरं, म्हणून तिचं परतणं मार्चअखेरीच्याही पुढे जाईल असं नासाने डिसेंबरात सांगितलं. आणि वसंतात शुभांशु शुक्ला इथूनच जाणार आहेत. त्यांचीही तारीख हलली तर कृपया घाबरू नका.

या आठवड्यात तर नुसती रांग लागली आहे. आज पहाटे १ वाजून ११ मिनिटांनी फाल्कन ९ गेलं, तेही खाजगी कंपन्यांची दोन चांद्रयानं घेऊन: टेक्ससच्या फायरफ्लायचं ब्लू घोस्ट आणि जपानच्या आयस्पेसचं रेझिलियन्स. रॉकेट रोजचं, पण वरची दोन्ही यानं परीक्षेला बसलेली. आयस्पेसचं आधीचं यान एप्रिल २०२३ मध्ये चंद्रावर आदळलं होतं. तीच माणसं पुन्हा निघाली आहेत, त्यांना यश येवो. टेक्ससमध्ये स्पेसएक्सच्याच स्टारशिप या महाकाय रॉकेटचं सातवं चाचणी-उड्डाण तयार आहे, यानाच्या नव्या आवृत्तीसह. आणि तिकडे आपलं स्पेडेक्स, दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडायचा (डॉकिंगचा) प्रयोग! ७ आणि ९ जानेवारीचे प्रयत्न इस्रोने पुढे ढकलले, रविवारी दोन्ही उपग्रह १५ मीटरपर्यंत, मग ३ मीटरपर्यंत जवळ आणले आणि पुन्हा सुरक्षित अंतरावर नेले. तीन मीटरवरून मागे फिरायला किती धीर लागला असेल! त्या बातमीखाली लोकांनी जे काही लिहिलं होतं ते वाचून वाईट वाटलं.

न्यू ग्लेनसोबत या वेळी मोठा पाहुणा नाही. आधी मंगळाकडे जाणारी नासाची दोन छोटी यानं जायची होती, पण ऑक्टोबरची वेळ गाठता येणार नाही हे दिसल्यावर नासाने त्यांत इंधनच भरलं नाही. आता कंपनीच्याच ब्लू रिंग नावाच्या यानाचा चाचणी-नमुना आहे. कक्षेत पोचणं हे ध्येय. बूस्टर उतरला तर फारच उत्तम.

बघणार असाल तर थेट प्रक्षेपण शेवटच्या मिनिटाला लावू नका. अर्धा-पाऊण तास आधी लावा. रॉकेटच्या अंगावरून पांढरी वाफ निघत असेल, ती द्रव ऑक्सिजनमुळे गारठलेल्या हवेतलं बाष्प. घड्याळ थांबलं तर का थांबलं ते निवेदक काय सांगतात याकडे कान ठेवा. मुलं शाळेत असतील तर संध्याकाळी दाखवा. मी रात्रपाळीला आहे, लॉबीत कॉफीची सोय माझ्याकडे आहे. आणि स्पेडेक्सचं डॉकिंग झालं की मला लगेच कळवा. इथे तेव्हा किती वाजले असतील याचा विचार करू नका, फोन चालू ठेवते.