अलिबागच्या बेने इस्राएलांवर व्हिडिओ करणाऱ्यांनो

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागकडे येणारे कॅमेरेवाले हल्ली वाटेत नवगावला वळतात. किनाऱ्याजवळच्या दफनभूमीचा ड्रोन शॉट, मागे गूढ संगीत आणि थंबनेलवर ‘कोकणातले ज्यू: दोन हजार वर्षांचं रहस्य’. रहस्य कसलं? ज्यांच्यावर हा व्हिडिओ असतो ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू माणसं, मराठीतच विचार करत वाढली. त्यांची आडनावं किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर, आपटेकर. एका समाजाला ‘मूळचे कुठले?’ हा एकच प्रश्न विचारत राहायचं आणि ते इथे कसे जगले हे विचारायचंच नाही, याची मला मनापासून चीड येते. म्हणून माहितीतल्या चार गोष्टी इथे मांडतो.

आधी मुळाचं पाहू. समाजाची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ही श्रद्धेची गोष्ट आहे, आणि तशीच सांगितली तर त्यात काहीच वावगं नाही. गडबड पुढे होते. चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं आहेत, परशुरामाने जिवंत केलेली. आकडा जुळला म्हणून ‘चित्पावन म्हणजे ज्यूच’ असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात आणि यूट्यूबवाले ते जसेच्या तसे उचलतात. दोन दंतकथांतला आकडा जुळणं हा वंशाचा पुरावा होत नाही. एकाच किनाऱ्यावर शेजारी राहणारे लोक एकमेकांच्या कथा उचलतात, एवढंच त्यातून फार तर म्हणता येईल. गोरा रंग आणि घारे डोळे दाखवून जे सिद्ध करायला निघतात, त्यांच्याबद्दल तर न बोललेलं बरं.

जनुकांचा अभ्यासही झालेला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीय लोकांचा असे दोन्ही वारसे मोठ्या प्रमाणात आढळले. म्हणजे बाहेरून आलेली माणसं इथल्या माणसांत मिसळली. यातलं अर्धंच वाक्य उचलून ‘अस्सल’ किंवा ‘नकली’ ठरवणारे दोन्ही बाजूंना आहेत. इस्रायलमध्ये १९६२ ते १९६४ या काळात याच कारणावरून बेने इस्राएलांच्या लग्नांना अडथळा आला. धर्मपीठाने त्यांच्या वाडवडिलांची चौकशी करायचा आदेश काढला होता. निदर्शनं झाली, सरकारला मध्ये पडावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये त्या आदेशातून त्यांचं नाव गेलं. आणि दुसरी बाजूही लपवायचं कारण नाही: या समाजात स्वतःतही ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता, दोघांत रोटीबेटी व्यवहार नसे. जातीची हवा सगळ्यांनाच लागते. व्हिडिओत हे येत नाही, कारण त्याने गूढ संगीत बिघडतं.

धर्म टिकला तो रोजच्या कामातून. तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली शेजारीच होते. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरलेली. ‘शेमा’ ही एक प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि खाण्याचे नियम एवढंच उरलं होतं. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी या ज्यू माणसाने ही माणसं ज्यू म्हणून ओळखली ती मासळीवरून, असं समाज सांगतो. त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी फक्त पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले. आजही नियम तोच: बांगडा, रावस, पापलेट चालतं, कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकुल, मोरी नाही. मांस आणि दूध एकत्र वर्ज्य, म्हणून मटणाच्या रश्श्यात दही पडत नाही, नारळाचं दूध पडतं. नारळाच्या वाड्यांत राहणाऱ्यांना ही अडचण कधी वाटलीच नसणार.

कॅमेरा जर कुठे न्यायचाच असेल तर तो मलिद्याकडे न्या, म्हणजे गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट मांडून करायच्या प्रार्थनेकडे. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, प्रवासाला निघताना एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव घेऊन मलिदा करतात. एलियाहू इथे येऊन गेल्याची श्रद्धा आहे, अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. जगातल्या इतर ज्यूंकडे या रूपातला मलिदा सापडत नाही. आणि नेमका हाच व्हिडिओत ‘एक प्रकारचा प्रसाद’ म्हणून तीन सेकंदांत संपतो.

मलिद्याला दहाबारा माणसांसाठी अर्धा किलो जाडे पोहे घ्या, पेणचे मिळाले तर उत्तम. एक मोठा नारळ खवलेला, दोन वाट्या साखर, आठदहा वेलदोडे, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे चाळणीत धुवायचे, भिजत घालायचे नाहीत. पाणी निथळलं की दहा मिनिटं झाकून ठेवायचे. दाणा बोटांनी दाबला की मोडायला हवा, पण लगदा होता कामा नये. कांदेपोह्यांसारखे ओले ठेवले की खोबऱ्याचं पाणी सुटल्यावर सगळा गोळा होतो. खोबरं आधी कालवायचं, साखर अगदी शेवटी, प्रार्थनेला बसायच्या थोडं आधी. लवकर घातली तर विरघळून तळाला पाक जमतो. तूप आणि दूध घालायचं नाही, कारण त्याच पंगतीत मटण असतं. दर्ग्यावरचा मलिदा चपातीच्या चुऱ्याचा, गूळ-तुपाचा. नाव एक असलं तरी ते पक्वान्न वेगळं, तेव्हा दोघांची फोटोत सरमिसळ करू नका.

ताटात मध्ये पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वर गुलाब किंवा सब्जाची डहाळी. फळं साधारण पाच प्रकारची. इथे एक बारकावा आहे. खजूर, सफरचंद, संत्र्यावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणतात. केळ्यावर जमिनीच्या फळाचा. केळीला लाकडी खोड नाही, घड उतरला की ते खोड संपतं, म्हणून धर्मशास्त्र तिला झाड मानत नाही. पोह्यांचा आशीर्वाद वेगळा, सुवासाचा वेगळा. त्यामुळे ताट आलं की लगेच हात घालायचा नाही. एकेक आशीर्वाद होतो आणि ते ते जिन्नस वाटले जातात. केळी त्या वेळीच कापायची, आधी कापून ठेवली तर काळी पडतात.

लोकप्रिय संस्कृतीबद्दल थोडं. हिंदी सिनेमातला प्रेमळ चाचा, नट डेव्हिड, हा डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत रोज ज्या रस्त्याने लाखो लोक जातात तो डॉ. ई. मोझेस रोड एका बेने इस्राएल महापौराच्या नावाचा. निसीम इझिकेल इंग्रजीत कविता लिहीत, पण तेही याच समाजातले. यांचं मूळ गाव, आडनाव, भाषा आपल्या मालिकांत आणि सिनेमांत कुठेच दिसत नाही. पडद्यावर ज्यू आला की त्याला मोडकं मराठी द्यायचं, ही सवय पटकथा लिहिणाऱ्यांनी सोडावी. घरात अस्सल कुलाबी, म्हणजे या जिल्ह्याची बोली, बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी असले संवाद घालणं हा त्याचा अपमान आहे.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, सध्याची वास्तू १९१० ची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्या वेळात चित्रीकरण मागूच नका. मुंबईकर नेमके शनिवारीच येतात आणि मग ‘आम्हाला हाकललं’ म्हणून कमेंट लिहितात. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. तोरा या धर्मग्रंथाची पेटी पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. तिच्याकडे पाठ करून सेल्फी काढू नका. दफनभूमीत थडग्यांवर बसू नका, बाहेर पडताना हात धुवायची रीत आहे. थडग्यांवर हिब्रूच्या जोडीने मराठी अक्षरं आहेत. ड्रोन उडवण्यापेक्षा ती खाली बसून वाचा, आडनावांवरून तालुक्याचा अर्धा नकाशा तयार होईल.

आणि कीर्तनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या समाजाने अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, साकी-दिंडीच्या चालींवर, पेटी-तबल्यासह. ती पाठ असलेली माणसं आता म्हातारी आहेत, काही इथे, बरीचशी इस्रायलमध्ये. कुणी गायला तयार झालं तर मोबाईल पेटीजवळ ठेवू नका, भात्याच्या आवाजात शब्द बुडतात. गाणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर, हातभर अंतरावर, पंखा बंद करून ठेवा. गाणं पूर्ण घ्या, कडवी कापू नका. संपल्यावर त्यांच्याकडूनच शब्द सावकाश वदवून लिहून घ्या आणि चाल कुणाकडून शिकलात तेही विचारा. मागे संगीत घालू नका.