सळई आत गेली तो दिवस

२०१६ च्या २ ऑगस्टला रात्री महाडजवळचा सावित्रीचा पूल गेला, १९२८ चा दगडी कमानींचा पूल, वर महाबळेश्वरला तुफान पाऊस आणि नदी दुथडी भरून, दोन एसटी आणि एक तवेरा अंधारात सरळ पाण्यात. शेजारी नवा पूल होता तरी मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरूनच चालू होती हे मला आजही सहन होत नाही. गाड्या शोधायला ३०० किलोचं लोहचुंबक क्रेनने पाण्यात सोडावं लागलं होतं.

त्यानंतर जुन्या पुलांच्या ऑडिटची कामं निघाली. मी एका कन्सल्टंटकडे ज्युनिअर इंजिनिअर होतो, आमच्याकडे कोकणातलाच तसाच एक दगडी पूल आला, नाव मुद्दाम लिहीत नाही. वरून पाहिलं तर झकास, नवीन डांबर, रंगवलेले कठडे. कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवलेला, काही ठिकाणी चुना धुवून गेलेला, पण दगड जागचे हलले नव्हते. गावातले म्हणत होते, आजोबांच्या वेळचा आहे, त्याला काय होतंय.

सर म्हणाले, होडी बोलवा. वाळूच्या बुड्या मारणारे एक काका आले, त्यांच्यासोबत लांब सळई घेऊन आम्ही एकेका खांबापाशी गेलो. काठाजवळचे खांब ठीक होते, सळई थोडी आत जाऊन टणकन लागायची. मधल्या खांबाला, वरच्या अंगाला म्हणजे जिकडून पाणी येतं त्या बाजूला, सळई नुसत्या हाताच्या दाबाने खाली जात राहिली. काकांनी बुडी मारली, वर आले, दम घेतला आणि म्हणाले, "सायेब, खांबाच्या पायाखाली खांद्यापर्यंत हात गेला माझा, आत सगळी भुसभुशीत वाळू."

पुरात खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं आणि तळाशी भोवरा करून पायाजवळची माती उपसतं. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात सैल वाळू येऊन बसते, म्हणून मे महिन्यात काठावर उभं राहून बघणाऱ्याला तळ एकदम सपाट दिसतो. खड्डा सगळ्यात खोल असतो तो ऐन पुरात, तेव्हा तिथे कोण उतरणार? त्यात आसपास वाळू उपसली की नदीचा तळच खाली जातो आणि शंभर वर्षांपूर्वीचा पाया उघडा पडायला लागतो. कमानीचं तर असं की एक खांब खचला की त्याच्या दोन्ही बाजूच्या कमानी जातात, आणि त्यांचा रेटा गेला की पुढच्या खांबांचंही काही खरं नसतं.

सरांनी काठावरूनच डेप्युटी इंजिनिअर साहेबांना फोन लावला. रिपोर्ट टाइप व्हायच्या आधी, त्याच संध्याकाळी जड वाहनं बंद झाली. एसटी लांबून वळवली, लोक चिडले, एक आजी तर मला म्हणाल्या की तुझ्यामुळं दवाखाना लांब झाला रे बाबा. त्यांचं बरोबर होतं, आणि तरी मी तो पूल उघडू दिला नसता.

सावित्रीवर नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ ला खुला झाला, चांगलंच झालं. आमच्या पुलाचा पाया काँक्रीटने भरून घ्यायला आणि भोवती दगडांचं संरक्षण टाकायला अख्खा उन्हाळा गेला. आता दर पावसाळ्यानंतर तिथे होडीतून तळाची मापं घेतात आणि आधीच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघतात, रिपोर्टमध्ये ती अट सरांनी पहिल्याच पानावर घातली होती.