सगळीकडे पॉझिटिव्ह येणारं व्हिमेंटिन

आमच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये (शरीरातून काढलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात ती) अँटिबॉडींची, म्हणजे ठरावीक प्रथिन असेल तिथे स्लाइडवर तपकिरी रंग आणणाऱ्या द्रवांची, ऑर्डर निघाली की पहिली कात्री व्हिमेंटिनला लागते. "ते काय, सगळीकडेच पॉझिटिव्ह येतं," असं कुणीतरी म्हणतं आणि बाटली यादीतून जाते. रिपोर्ट आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम लिहितात. मी टेक्निशियन, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कापणं आणि स्लाइड रंगवणं हे माझं काम. तरी या एका बाबतीत मी भांडते.

व्हिमेंटिन हे पेशीच्या सांगाड्यातलं प्रथिन. पेशीत तीन जाडीचे धागे असतात. अ‍ॅक्टिनचे सगळ्यात बारीक, साधारण ७ नॅनोमीटरचे. मायक्रोट्यूब्यूल सगळ्यात जाड, २५ च्या घरात. मधले १० नॅनोमीटरच्या आसपास, आणि व्हिमेंटिन त्या मधल्या घराण्यातलं. केराटिन, डेस्मिन ही त्याची भावंडं. १९७८ मध्ये जर्मनीत वेर्नर फ्रांके यांच्या गटाने त्याला हे नाव दिलं. त्याचं जनुक व्हीआयएम, दहाव्या क्रोमोसोमच्या आखूड भुजेवर. त्यावरून ४६६ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. दोन साखळ्या एकमेकींना पीळ घालतात, अशा दोन जोड्या उलटसुलट शेजारी लागतात, असे आठ चौकडे मिळून एक तुकडा, आणि तुकड्याला तुकडा जोडत धागा. त्याचा गुण काथ्याच्या दोरीचा: सैल असताना कुठेही वाकतो, ताण आला की कडक होतो. मूळ लांबीच्या दुपटीहून जास्त ओढला तरी तुटत नाही.

एवढं सगळं असून १९९४ मध्ये पॅरिसमध्ये शास्त्रज्ञांनी हे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले, तर ते जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. वरवर काहीच बिघडलेलं दिसेना. त्यांच्या जखमा भरायला वेळ लागतो हे नंतर कळलं. मला हा किस्सा फार आवडतो. निवांत दिवसात ज्याची उणीव कुणाला जाणवत नाही, त्याचं नाव यादीतून खोडणं सोपंच असतं. (स्टोअरवाल्यांनी हे मनावर घेऊ नये.)

फायब्रोब्लास्ट (जोड-ऊतीच्या पेशी), रक्तवाहिन्यांचं अस्तर, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), या सगळ्यांत व्हिमेंटिन असतं. म्हणजे जवळपास कुठल्याही बायोप्सीत ते कुठेतरी असणारच. याच गोष्टीवर लोक नाक मुरडतात आणि मला तिचाच उपयोग होतो. लहान गावांतून कधीकधी तुकडा फॉर्मेलिनऐवजी सलाइनमध्ये घालून पाठवतात. वाटेत एक रात्र जाते आणि इथे येईपर्यंत पेशी कुजायला लागलेल्या असतात. अशा ब्लॉकवर ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टरची अँटिबॉडी) लावलं आणि निगेटिव्ह आलं, तर ते खरं निगेटिव्ह की मेलेलं निगेटिव्ह? मी शेजारच्या स्लाइडवर व्हिमेंटिन लावते आणि आधी रक्तवाहिनीची भिंत बघते. तीही तपकिरी झाली नसेल, तर त्या ब्लॉकच्या कुठल्याच निगेटिव्हवर भरवसा नाही. उलट बाजूने एवढी खात्री मिळत नाही, कारण व्हिमेंटिन चिवट आहे. ते आलं म्हणून ईआरही शाबूत असेल असं नसतं. मॅडम हे मला दर वेळी बजावतात, आणि ते बरोबरच आहे.

पण 'सगळीकडे पॉझिटिव्ह' हे वाक्यच मुळात अर्धं खरं आहे. बहुतेक कार्सिनोमांच्या (अस्तराच्या आणि ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरच्या) पेशींत केराटिन असतं, व्हिमेंटिन नसतं. तपकिरी होते ती भोवतालची चौकट. म्हणून जिथे खुद्द गाठीच्या पेशी रंगतात तिथे बघणाऱ्याने थांबायला हवं. सारकोमा (हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर) आणि मेलानोमात (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) ते नेहमीचंच, पण किडनीच्या क्लिअर सेल कॅन्सरसारखे काही कार्सिनोमाही रंगतात.

माझ्या आवडीचा प्रश्न गर्भपिशवीचा. क्युरेटिंगमध्ये (पिशवी खरवडून काढलेल्या नमुन्यात) अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे, म्हणजे ग्रंथींच्या कॅन्सरचे, बारीक तुकडे येतात आणि तो आजार पिशवीच्या अस्तरातला की मुखाचा, हे नुसत्या एच अँड ई-वर (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर) ठरत नाही. सर्जनला ते ठरवूनच हवं असतं. अस्तराचा असेल तर बहुधा आधी ऑपरेशन. मुखाचा आणि पसरलेला असेल तर रेडिएशन आणि केमो. मग मॅडम चार स्लाइड मागतात: ईआर, व्हिमेंटिन, आणि सीईए, पी१६ ही आणखी दोन प्रथिनं. नेहमीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये पहिली दोन येतात आणि सीईए बहुधा येत नाही. मुखाच्या नेहमीच्या प्रकारात सीईए येतं, पी१६ गच्च भरून येतं आणि पहिली दोन बहुधा कोरी राहतात. चौघांचं एकमत दर वेळी होत नाही. पी१६ तर अस्तराच्या काही उग्र प्रकारांतही गच्च येतं, म्हणून त्या एकटीवर निकाल देता येत नाही.

व्हिमेंटिनची स्लाइड बघताना ग्रंथीच्या पेशींच्या कडांवर नजर ठेवायची. रंग तिथे असतो, दोन पेशींच्या मधल्या बाजूंना. भोवतालचा स्ट्रोमा (ग्रंथींना धरून ठेवणारी चौकट) तर तपकिरी असणारच, त्याला पॉझिटिव्ह म्हणायचं नाही. नवीन आलेली मुलं नेमकी तिथेच फसतात. मी त्यांना चाळिसाच्या लेन्सवर बसवते आणि ग्रंथी सोडून दुसरीकडे बघू देत नाही.